सेव्ह केलं की झालं?

‘सेव्ह करा आणि बघा.’ हॉट रीलोडची जाहिरात एवढीच. सर्व्हर बंद-चालू नको, पान रिफ्रेश नको, फॉर्ममध्ये भरलेलं जागच्या जागी. निळं बटण डोळ्यांदेखत हिरवं होतं. टाळ्या!

बटणाच्या रंगाची शंका होती कुणाला?

छत्रपती संभाजीनगरच्या मुकुंदवाडीतल्या भाड्याच्या खोलीत बसून पुण्याच्या कंपनीसाठी प्लगिन लिहिणाऱ्या पोराला विचारा. प्लगिन एकटं उभं राहत नाही. ग्राफाना, क्रोम, व्हीएस कोड असं कुठलं तरी मोठं सॉफ्टवेअर, म्हणजे होस्ट, त्याला उघडतं, तेव्हा ते दिसतं. डेव्ह सर्व्हर पोराच्या हुकमात असतो. ते मोठं धेंड नसतं.

ग्राफानाचंच घ्या. प्लगिनची सगळी कुंडली असते प्लगिन डॉट जेसन या फाइलीत, आणि ग्राफाना ती वाचतं सुरू होताना. तिच्यात नवं पान जोडा आणि बसा दिवसभर सेव्ह करत. रीस्टार्ट केल्याशिवाय ढिम्म हलणार नाही.

क्रोमने तर लेखीच देऊन टाकलंय. एक्स्टेन्शनचा पॉपअप बदलला तर रीलोडची गरज नाही. मॅनिफेस्ट बदलली, सर्व्हिस वर्कर बदलला, कंटेंट स्क्रिप्ट बदलली, तर आहे. कंटेंट स्क्रिप्टसाठी वर ती ज्यावर चालते ते वेबपानही पुन्हा उघडायचं. परवानग्या कुठे असतात? मॅनिफेस्टमध्ये. पडद्यामागे राबतं कोण? सर्व्हिस वर्कर.

आणि सूट कुणाला? पॉपअपला.

या शहराला हे वेगळं सांगायला नको. औरंगाबाद हे नाव बदलायला केंद्राची मंजुरी आली फेब्रुवारी 2023 मध्ये. जिल्ह्याची अधिसूचना निघाली सप्टेंबरात. मुकुंदवाडीच्या शेजारच्या मोठ्या स्टेशनला 2025 चा ऑक्टोबर उजाडावा लागला, तेव्हा कुठे कोडातलं एडब्ल्यूबी जाऊन सीपीएसएन आलं. विमानतळाचा कोड आयएक्सयू तो आयएक्सयूच. दुकानांच्या पाट्या रात्रीत रंगतात. कोड ज्याच्या रजिस्टरात, तो आपल्या सवडीने उठतो.

बरं, मुळीच न होणारा रीलोड परवडला. अर्धवट होणारा जीव खातो.

रिॲक्टचं हॉट रीलोड, म्हणजे फास्ट रिफ्रेश, 2019 मध्ये आलं, आणि त्यातल्या त्यात शहाणं आहे. हुकांचा क्रम बदलला की जुनी स्टेट टाकून देतं. क्लास कंपोनंटची तर सांभाळतच नाही. पण प्लगिनने होस्टच्या खिडकीला लावून ठेवलेल्या लिसनरचं काय? तो काढायचा कोड तुम्ही लिहिला नसेल, तर जुना तिथेच ठाण मांडतो आणि नवा त्याच्या शेजारी येऊन बसतो. एक क्लिक, दोन नोंदी! पोरगा तासभर कोड उसवतो. कोडमध्ये चूक आहेच की, पण दोन नोंदींची नाही; आवरून न ठेवण्याची. पान ताजं उघडलं की दुसरी नोंद गायब, आणि पोराला वाटतं आपल्यालाच भास झाला.

उलटंही होतं, आणि ते महागात पडतं. आठवडाभर उघड्या असलेल्या टॅबमध्ये, जुन्या स्टेटच्या जिवावर, सगळं झकास चालतं. ग्राहक पहिल्यांदा उघडतो आणि समोर पांढरं पान.

‘माझ्याकडे तर चालतंय, सर.’

चालणारच! तुझ्या टॅबला सोमवारपासूनचं सगळं आठवतंय.

प्रोग्रामर डॅन अब्रामोव्हने 2015 मध्ये रिॲक्ट-युरोप परिषदेच्या मंचावर हॉट रीलोड करून दाखवलं आणि जग भारावलं. भारावण्यासारखं होतंच ते, उगाच नावं ठेवण्यात अर्थ नाही. फक्त एक बारीक गोष्ट: ते ॲप त्याचं स्वतःचं होतं. दुसऱ्याच्या आयफ्रेममध्ये अंग चोरून बसलेलं नव्हतं.

जाणती पोरं म्हणून कमिट करण्याआधी सगळं बंद करतात. सर्व्हर, होस्ट, ब्राउझर. मग कोरं उघडून बघतात. त्यात वेळ जातो. टीम लीडच्या कपाळाला आठ्या: ‘हॉट रीलोड आहे ना आपल्याकडे? मग एवढा उशीर का?’

पुढच्या वेळी कुणी या सोयीचा डेमो द्यायला आलं, तर त्याला मॅनिफेस्टमधली एक ओळ बदलून दाखवायला सांगा.

आणि चहा मागवून ठेवा.