इथंच जरा

निघणाऱ्याला 'कुठे' विचारू नये, काम फिसकटतं, हा आमच्या घरचा कायदा. अगदीच राहवलं नाही तर 'लांब निघालात का?' असं आडून विचारायचं. हे संस्कार घेऊन मी मनिलाच्या एका गल्लीत राहायला आलो. इथं फाटकाबाहेर पाऊल पडतं न पडतं तोच 'सारी-सारी' म्हणजे किराणा दुकानाच्या जाळीमागून दुकानवालीचा आवाज येतो, 'सा-आन पो कायो पुपुन्ता?' म्हणजे थेट 'कुठे'च! मग तिची सासू विचारते, मग ट्रायसिकलवाला. माझी कामं बिघडवायचा एवढा सामुदायिक प्रयत्न आमच्या भाऊबंदांनीही कधी केला नव्हता.

उत्तर मात्र ठरलेलं. 'द्यान लांग पो', इथंच जरा. हातात दोन बॅगा असोत, दारात विमानतळाची टॅक्सी असो, आपण इथंच जरा निघालेलो असतो. पुढं कोणी विचारत नाही. आपल्याकडं सोसायटीत एवढ्यावर सुटका नाही.

त्या उत्तरातला 'पो' म्हणजे आदर. होकाराच्या 'ओओ'चा 'ओपो' होतो, आभाराचं 'सालामात पो'. दुकानात साबण संपला तरी 'वाला पो'! नकार इतका अदबीनं येतो की आपणच ओशाळून नको असलेली बिस्किटं घेतो. 'कुमुस्ता' हा इथला 'कसं काय' स्पॅनिश 'कोमो एस्ता'तून आलेला. 1565 पासून 1898 पर्यंत राज्य करून स्पॅनिश गेले, तब्येतीची चौकशी तेवढी ठेवून गेले. मित्रामित्रांत तर तीही लागत नाही, भुवया उडवल्या की झालं. आपल्याकडं अनोळखी माणसाकडं बघून भुवया उडवल्या तर तो बाह्या सरसावेल.

दारावर हाक येते, 'ताओ पो!' म्हणजे, माणूस आलोय हो! पूर्वी आस्वांग नावाची भुतं दार ठोठावत, म्हणून आधी आपली जात सांगायची, असं म्हणतात. मला हे पटतं. आपल्याकडं 'कोण आहे?' विचारलं की बाहेरून नुसतं 'मी' येतं, त्यात भूतसुद्धा बसतं.

थोरांचा हात धरून कपाळाला लावायचा, तो 'मानो'. कंबर फारशी मोडावी लागत नाही, म्हणून मला ही पद्धत फार आवडायची. गेल्या रविवारी केस काळेभोर करून मी गल्लीत उतरलो, तर दुकानवालीच्या नातवानं धावत येऊन माझाच हात कपाळाला लावला. म्हणाला, 'मानो पो, लोलो.' लोलो म्हणजे आजोबा.