हिरवळदार

पांझरेच्या उत्तरेस देवपुरात, एकवीरा देवीच्या देवळापासून महाविद्यालयांच्या वस्तीपर्यंत ज्या वसाहती पसरल्या आहेत, त्यांतल्या प्रत्येकीत एक तरी असा गृहस्थ आढळतो, की ज्याने हयात सरकारी दफ्तरात घालविली, निवृत्तीच्या रकमेतून टुमदार बंगली बांधली आणि जिथे वर्षाकाठी पाचसहाशे मिलिमीटर पाऊस पडला तरी शेतकरी समाधानाने मान डोलावतो, अशा ह्या धुळे जिल्ह्यात घरापुढच्या चार हात जागेत विलायती थाटाची हिरवळ लावली. ह्या गृहस्थास मी हिरवळदार म्हणतो. हा हुद्दा कोणत्याही सरकारी तक्त्यात नाही; परंतु पांझरेच्या फडांवर पाण्याची देखरेख करणाऱ्या हवालदाराचा जो दरारा असे, तोच आपलाही असावा, अशी त्याची मनोमन अपेक्षा असते.

आमच्या गल्लीतले रावसाहेब हा ह्या जातीचा अस्सल नमुना. महसूल खात्यात कारकुनीपासून चढत चढत ते नायब तहसीलदारीपर्यंत पोहोचले, आणि त्या अवधीत त्यांनी किती गावांची पैसेवारी पन्नास पैशांच्या आत बसविली आणि किती गावांची काठावर अडवून धरली, ह्याची उजळणी ते आजही संध्याकाळी चहाबरोबर करतात. ज्यांच्या एका शेऱ्यावर तालुक्याचा शेतसारा तहकूब होई, त्या रावसाहेबांच्या स्वतःच्या अंगणात एका भाद्रपदात, धड दुष्काळ नसताना, परातीएवढे पिवळे चट्टे पडले तेव्हा त्यांना झालेले दुःख गवताचे कमी आणि अधिकाराचे जास्त होते.

त्यांनी तत्काळ पंचनामा केला. पंच म्हणून शेजारचे निवृत्त मास्तर आणि अस्मादिक असे दोन प्रतिष्ठित इसम हजर होते. प्रत्येक चट्ट्यास क्रमांक पडला, फितीने मोजणी झाली आणि चतुःसीमा लिहिली गेली : पूर्वेस तुळशीवृंदावन, पश्चिमेस फाटक, दक्षिणेस मोरी, उत्तरेस सामाईक भिंत. वहिनी मोरीपाशी भांडी विसळीत होत्या. त्या म्हणाल्या, "अहो, गवत मेलंय ते खरं, पण मास्तरांच्या सहीनं ते उठून बसणार आहे का?" हा मजकूर कैफियतीत घेण्यात आला नाही.

पहिला संशयित अर्थात समोरच्यांचा कुत्रा. ह्या बाबतीत रावसाहेबांचे ज्ञान, कबूल केले पाहिजे, पक्के होते. कुत्र्याच्या मूत्रात नत्राचे प्रमाण अधिक असते. त्याने मधले गवत करपते आणि कडेच्या गवताला मात्र तोच नत्र खत म्हणून लागू पडतो, म्हणून अशा चट्ट्याभोवती गर्द हिरवे कडे उमटते. फाटकाजवळच्या क्रमांक १ ला असे कडे होते. समोरच्यांना लेखी समज गेली. इतर चट्ट्यांना कडे नव्हते. तरीही रावसाहेबांनी तेही त्याच आरोपीच्या नावे चढविले, कारण अज्ञात इसमाविरुद्ध फिर्याद चालविणे किती जिकिरीचे असते, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते.

दुसरा उपाय पाण्याचा. बोअरला जोडलेली रबरी नळी भिंतीच्या कोपऱ्यावरून वळवून आणताना ते आम्हांस हमखास सांगत, की तरुण विश्वेश्वरय्या १८८४ साली मुंबई इलाख्याच्या नोकरीत आले ते ह्याच खानदेशात कामाला लागले, आणि पांझरेच्या पाटासाठी दातर्तीला त्यांनी नळाचा सायफन बसविला. इतिहास निर्विवाद आहे. परंतु त्या सायफनाने पिके तगली आणि रावसाहेबांच्या नळीने काळ्या जमिनीचा चिखल झाला. चट्टे जागचे हलले नाहीत, उलट रुंदावले.

अखेरीस वहिनींनी परस्पर जवळच्या खेड्यातला माळी बोलाविला. त्याने पंचनामा वाचला नाही. तो क्रमांक ३ पाशी उकिडवा बसला, मूठभर गवत धरून अलगद ओढले, आणि सतरंजी गुंडाळावी तसा तो थर मुळांवाचून वर आला. खाली पांढऱ्या, तांबड्या डोक्याच्या, अंग वळवून पडलेल्या अळ्या. "साहेब, हाई हुमनी शे," तो म्हणाला. हिचे भुंगेरे पहिल्या पावसाबरोबर तिन्हीसांजेला जमिनीतून निघतात, कडुनिंब-बाभळीचा पाला खातात, दिव्याकडे झेपावतात आणि मातीत अंडी घालतात; पुढे श्रावण-भाद्रपदात अळ्या मुळे कुरतडतात. फाटकापाशी कडुनिंब रावसाहेबांनीच लावला होता, आणि वर्तमानपत्र वाचण्यासाठी त्याखाली दिवाही त्यांनीच टांगला होता. आरोपींस आश्रय व प्रकाश पुरविणारा इसम कोण, हे पंचांनी सभ्यपणे लिहिले नाही.

मग दुरुस्ती झाली, ती बघण्याजोगी. माळ्याने मेलेला थर खरवडून काढला, खुरप्याने वीतभर माती उकरली, वेचलेल्या अळ्या साळुंक्यांपुढे टाकल्या. आमची काळी माती सुकली की भेगाळते आणि भिजली की घट्ट चिकटते, म्हणून तीत नदीची रेती आणि कुजलेले शेणखत कालविले, जमीन सारखी केली, आणि बांधावरून आणलेल्या हरळीचे बोटभर तुकडे, प्रत्येकाला दोनतीन डोळे राखून, चार चार बोटांवर खोचून पायाने दाबले. मुळे धरीपर्यंत दोन्ही वेळ हलके पाणी आणि माणसाचा पाय बंद, एवढीच ताकीद. रावसाहेबांनी हरळीची पावती मागितली, तेव्हा तो बिचारा गोंधळला. "आमना वावरमा आमी हाई उपटी फेकतस, साहेब. तुमी इकत लेतस?" पिढ्यान्‌पिढ्या कापसातून जिचा निःपात करण्यात खानदेशी शेतकऱ्याचा जन्म गेला, ती रावसाहेबांच्या दारी अशी सन्मानाने रुजू झाली.

ती फोफावली, हे सांगायला नकोच. मात्र भोवतालच्या नर्सरीतल्या गवताशी तिचा रंग जुळेना, आणि पंचनाम्यातील प्रत्येक चट्टा आपल्या हद्दीनिशी जमिनीवर कायम उमटला. रावसाहेबांनी काही दिवस ह्यास अतिक्रमण म्हटले. पुढे वहिवाट म्हणून ते नियमित केले. दिवा आता पहिल्या पावसाच्या सुमारास मागल्या पडवीत जातो, आणि त्याचे कारण विचारल्यास विजेची काटकसर असे उत्तर मिळते.

पुढच्या गणेश चतुर्थीला गल्लीतल्या बायका एकवीस दूर्वांच्या जुडीसाठी त्यांच्या फाटकाशी आल्या, कारण हरळी म्हणजेच दूर्वा, आणि तशी ती साऱ्या आळीत इतकी मुबलक दुसरीकडे नव्हती. तेव्हापासूनचा हुकूम कायम आहे, तो वाचकांच्या माहितीसाठी देतो : सकाळी सात ते आठ यावे, अर्ज लागत नाही, दूर्वा चट्ट्यांच्या हद्दीतल्याच खुडाव्यात, आणि कुत्रे असल्यास फाटकाबाहेर बांधावे.