विमानात एक आण्याचा वाटा

अहो, ऐकलंत का? अमेरिकेतल्या कोट्यधीशांना म्हणे अख्खं विमान जड जातंय. बिचारे सोळावा हिस्सा घेतात! आपल्याकडे वडिलोपार्जित वाड्यात चुलतभावांचे असे एकेक आण्याचे वाटे असायचे आणि त्यापायी दोन-दोन पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवायच्या. तिकडे मात्र एकमेकांचं तोंडही न पाहिलेले सोळा जण हौसेनं एका आण्याचे मालक होतात. फिनॉम 300 सारख्या लहानशा जेटचा आणा सहा-सात लाख डॉलरच्या घरात जातो. ऐसपैस विमान हवं असेल, तर भाव न विचारलेलाच बरा.

बरं, या आण्यात पदरात काय पडतं? वर्षाला 50 तास. म्हणजे दोन दिवस आणि वर दोन तास! त्यातही विमान धावपट्टीपर्यंत रांगत जाणार त्याची सहा मिनिटं आणि उतरल्यावर रांगणार त्याची सहा, ती तुमच्याच खात्यात. शिवाय दरमहा व्यवस्थापनाचे पैसे: वैमानिकांचे पगार, हँगर, विमा. तुम्ही उडा नाहीतर घरी लोळत पडा, ते चुकत नाहीत. उडालात की तासाचा दर निराळा, इंधनाचा अधिभार आणखी निराळा. साधारण पाच वर्षांनी कंपनी तुमचा हिस्सा परत घेते. बाजारात जो भाव असेल तो, आपली दलाली कापून.

आणि कळस तर पुढेच आहे. ज्या विमानाच्या शेपटीवरच्या नंबरात तुमचा वाटा, ते तुम्हाला न्यायला येईलच असं नाही. त्याच जातीचं दुसरं कुठलं तरी येतं. तुमचं त्या वेळी भलत्याच कुणाला फ्लोरिडाला पोचवत असतं. आपल्या विमानात पाऊलही न टाकलेले मालक, आहे की नाही मजा? सहमालकांची यादी सरकारी नोंदीत उघडी असते म्हणून आशेनं डोकवावं, तर तिथं बहुतेक कंपन्यांची आणि ट्रस्टची नावं. मेली चहाडीचीही सोय ठेवली नाही!

हे डोकं रिचर्ड सॅन्टुली नावाच्या गणितज्ञाचं. गोल्डमन सॅक्स बँकेतून बाहेर पडलेल्या या गृहस्थानं 1984 मध्ये ओहायोतली एक्झिक्युटिव्ह जेट एव्हिएशन विकत घेतली. ही कंपनीही साधीसुधी नव्हे हं! हिरोशिमावर बॉम्ब टाकणाऱ्या विमानाचा वैमानिक पॉल टिबेट्स 1976 मध्ये तिचा अध्यक्ष झाला होता. सॅन्टुलीनं जुन्या उड्डाणांच्या नोंदी चाळल्या, किती विमानं हाताशी ठेवली की कुणी ताटकळणार नाही याचा हिशेब मांडला आणि 1986 मध्ये ‘नेटजेट्स’ या नावानं विमानांचे वाटे विकायला काढले.

आता ऐका अब्जाधीश गुंतवणूकदार वॉरन बफेंचं. काटकसरीचे महामेरू! त्याच 1986 सालच्या, भागधारकांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी आपल्या कंपनीसाठी जेट घेतल्याची कबुली दिली, तीही भिंगातून वाचावी लागेल अशा बारीक टायपात. पुढे त्याहून महागडं घेतलं, तेव्हा स्वतःच त्याचं नाव ठेवलं ‘इनडिफेन्सिबल’, म्हणजे ज्याचं समर्थनच होऊ शकत नाही असं. भागीदार चार्ली मंगर त्या काळी साध्या वर्गातून जायचे, म्हणून लाज वाटत असावी. पण 1995 मध्ये याच बफेंनी नेटजेट्सच्या हॉकर जेटमध्ये चार आण्यांचा वाटा घेतला आणि 1998 मध्ये साडेबहात्तर कोटी डॉलर मोजून सगळी कंपनीच घरी आणली. वाटा घ्यावा तर असा!

करोनात तर कहरच झाला. विमानं पुरेनात, म्हणून 2021 च्या ऑगस्टमध्ये नेटजेट्सनं आगाऊ तासांची कार्डं विकणंच थांबवलं. पैसे घ्या हो, म्हणत गिऱ्हाईक दारात उभं आणि दुकानदार नाही म्हणतोय! 2023 मध्ये याच कंपनीनं पंधरा वर्षांत दीड हजारपर्यंत सायटेशन विमानं घेण्याचा करार करून ठेवला.

यात करांची भानगड नसती तरच नवल. हिस्सा मुख्यतः धंद्यासाठी वापरला, तर 2025 च्या कायद्यानं त्याची सगळी किंमत पहिल्याच वर्षी घसारा म्हणून वजा करता येते. त्यामुळे डिसेंबर उजाडला की हिशेबनिसांचे फोन खणखणायला लागतात. गोल्फच्या मैदानावरची गाठभेट धंद्यात बसते की मौजेत, याची चर्चा तेवढी दार लावून होते म्हणे.