तिघांनी ठरवलं, सगळ्यांनी काढलं

अमेरिकेतल्या युटा राज्याने ऑगस्ट २०२४मध्ये १३ पुस्तकांची यादी काढली. राज्यातल्या कुठल्याही सरकारी शाळेत ही पुस्तकं ठेवायची नाहीत. काढलेल्या प्रती विकायच्या किंवा वाटायच्याही नाहीत. त्यांतली सहा एकट्या सारा जे. मास यांची: परीलोक, शाप, राजदरबार आणि उघडीवाघडी शय्यादृश्यं.

या कादंबऱ्या सातवीतल्या मुलीच्या हाती शाळेने देऊ नयेत, हे माझं स्पष्ट मत. ‘अ कोर्ट ऑफ थॉर्न्स अँड रोझेस’ २०१५ साली किशोरांसाठी म्हणून आली. पुढे प्रकाशकानेच नवी मुखपृष्ठं चढवून ती मालिका प्रौढांच्या विभागात हलवली. तेव्हा पालकांची काळजी खोटी नाही, आणि तिला मागासपणा म्हणणाऱ्यांचा मला राग येतो.

पण कायदा बघा. राज्यात शालेय जिल्हे ४१. त्यांतल्या तिघांनी पुस्तक अश्लील ठरवलं, की उरलेल्या ३८ जिल्ह्यांतूनही ते हद्दपार! तिथल्या ग्रंथपालांना कोण विचारतो? बरं, कायद्याच्या व्याख्येत बसणारं वर्णन सापडलं, की बाकीच्या पुस्तकाचं मोल बघायचंच नाही. त्यामुळे मास यांच्याच रांगेत मार्गारेट अ‍ॅटवूड आहेत. ज्युडी ब्लूम यांची १९७५ची ‘फॉरएव्हर’ही आहे. पहिलं प्रेम, पहिला संबंध आणि गर्भनिरोधन यांवर मुलींशी सरळ बोलणारी ही कादंबरी. सतरा वर्षांच्या मुलीने हे कुठून शिकायचं? मोबाइलवरून?

याच राज्यात आधीच्या कायद्याखाली एका पालकाने बायबलविरुद्ध तक्रार केली होती. डेव्हिस जिल्ह्याने २०२३मध्ये बायबल लहान वर्गांच्या शाळांतून काढलं आणि काही आठवड्यांत परत ठेवलं. कारण काय दिलं? त्यातल्या असभ्य मजकुरापेक्षा ग्रंथाचं मोल मोठं आहे. निर्णय अगदी बरोबर होता. मग ब्लूमबाईंना हा न्याय का नाही?

लहान वर्गांना मास नकोत. तिथे ग्रंथपालांनी त्या ठेवू नयेत. वरच्या वर्गांसाठी मात्र पुस्तक अथपासून इतिपर्यंत वाचूनच त्यांनी निर्णय घ्यावा. आपल्या मुलीने एखादं पुस्तक नेऊ नये असं वाटणाऱ्या पालकाने शाळेला तसं लेखी कळवावं, शाळेने ते पाळावं. दुसऱ्या जिल्ह्यातल्या मुलीचं पुस्तक काढून घ्यायचा अधिकार त्याला नको.