बेट लहान, ओळखी फार

मॉरिशस बेट जेमतेम 65 किलोमीटर लांब. पुण्याहून निघालेली गाडी लोणावळ्याला पोचेस्तोवर संपून जाईल एवढंच. कागदावर ते एका दिवसात बघून होतं. सोबत तिथलाच मित्र असला, की मात्र ते लांबत जातं. दर वळणावर त्याचा कुणीतरी राहत असतो आणि त्याला न भेटता पुढे जाणं बरं दिसत नाही.

हा मित्र चौथ्या पिढीतला मॉरिशसचा मराठी. घरात क्रिओल बोलतो, माझ्याशी शाळेत शिकलेलं मराठी. ‘‘आता आपण निसर्गसौंदर्याचा आस्वाद घेऊ,’’ असं म्हणून त्यानं गाडी थांबवली ती दालपुरीवालीपाशी. दालपुरी तिथे जोडीनं मिळते. पिवळ्या डाळीचं कोरडं पुरण भरलेल्या दोन मऊसूत पुऱ्या, त्यांवर टपोऱ्या दाण्यांची उसळ, टोमॅटोचा रस्सा, हिरवी चटणी आणि भोवती पातळ कागद. दुसऱ्या घासाला रस्सा कागद भेदून मनगटावर येतो, तिसऱ्याला कोपराकडे निघतो. दालपुरीवाली मित्राच्या बायकोची मावशी निघाली, म्हणून आणखी एक जोडी. तोवर निसर्गसौंदर्य उसाच्या शेतांपलीकडे ताटकळत उभं होतं.

शामारेलची सातरंगी माती आम्ही भर उन्हात गाठली. ज्वालामुखीच्या खडकाची झिजून झालेली ही माती. लोखंड आणि ॲल्युमिनियमच्या संयुगांमुळे कुठे तांबडी, कुठे जांभळट. कुणा रंगाऱ्यानं जेवायला जाताना तशीच सोडलेली. मित्र कठड्याला पाठ टेकून मेव्हण्याशी फोनवर बोलत राहिला. ‘‘आपण पाहावी. मी पाहिलेली आहे.’’ कधी, तर शाळेच्या सहलीत. शेजारच्या कुंपणातली अवाढव्य कासवं मात्र त्यानं मन लावून पाहिली. ती मूळची आल्डाब्रा बेटांवरची. मॉरिशसची स्वतःची कासवं डोडोपाठोपाठ माणसानं संपवली. ‘‘हीदेखील आमच्यासारखीच,’’ तो म्हणाला, ‘‘बाहेरून येऊन स्थायिक झालेली.’’ कासवानं पान चावणं थांबवून त्याच्याकडे बघितलं. ओळख असावी.

पोर्ट लुईच्या आप्रवासी घाटावर मात्र त्यानं फोन खिशात ठेवला. 1834 पासून उसाच्या मळ्यांसाठी हिंदुस्थानातून गिरमिटिये, म्हणजे करारानं बांधलेले मजूर, आले. बोटीतून उतरून ज्या 16 दगडी पायऱ्या ते चढले, त्या इथे आहेत. 2006 पासून हा जागतिक वारसा आहे आणि त्याला खेटून महामार्ग धडधडत असतो. मित्रानं घडी घातलेला कागद काढला. पणजोबांच्या नोंदीची नक्कल : नंबर, वय, जिल्हा रत्नागिरी. गावाच्या जागी कारकुनाच्या इंग्रजी अक्षरांत सुरुवातीला ‘के’, शेवटी ‘आय’ आणि मधे नुसता फराटा. दिवसभर वाटाड्या होता तो. आता तो माझ्याकडे बघू लागला, जणू सगळं कोकण मी घर झाडावं तसं रोज झाडतो. केळशी? कशेळी? मी म्हटलेलं प्रत्येक नाव तो हळूच उच्चारून बघायचा, अंगाला बसतं का ते चाचपत. रखवालदार आवराआवर करायला लागला तेव्हाही आमचं निम्मं कोकण शिल्लक होतं.

पुढच्या गणपतीला तो यायचं म्हणतोय. रत्नागिरीकडच्या वाचकांनी ‘क’नं सुरू होऊन ‘ई’वर संपणारी आपल्या भागातली गावं जरूर कळवावीत. वाडी असली तरी चालेल.