पोरगा ट्रकवर जातोय म्हणे

ऐकलं ते खरं का गं? तुझा थोरला पर्ड्यू विद्यापीठ सोडून ट्रकवर जातोय म्हणे. कुणी सांगितलं ते विचारू नकोस. आपल्या भिशीत बातमी फुटायला कितीसा वेळ लागतो! त्या कार्मेलच्या बाईंनी तर असं तोंड केलं की काय सांगू. मी म्हटलं, तुमच्या दारात रोज चार खोकी येऊन पडतात, ती काय चालत येतात? मग पोह्यांची डिश घेऊन उठल्या.

जरा कुंपणाशी ये, पलीकडे गवत कापायचं यंत्र लावलंय, ओरडून बोलावं लागतंय. एकवीस पूर्ण आहेत ना त्याला? मग झालं. अठराव्या वर्षी ट्रकचं लायसन्स मिळतं, पण राज्याची हद्द ओलांडून माल न्यायचा तर एकवीस लागतात.

तुला ठाऊकच आहे, मी असल्याच एका ट्रक कंपनीत पगाराच्या टेबलावर बसायची. नाव नको घ्यायला. ड्रायव्हर किती कमावतो हे सगळे विचारतात, त्यातून काय काय कापलं जातं ते मला विचार. त्याने आणलाय तो चकचकीत कागद मी पाहिला काल, तुझ्या ओट्यावर पडला होता. ‘फुकट शिकवतो, राहणं-जेवण आमचं.’ फुकट कसलं, मेलं! शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतं, की वर्षभर आमच्याकडेच चालवायचं, मध्ये सोडलंस तर शिकवणीचे इतके हजार डॉलर भर. आता समज, अकराव्या महिन्यात वैतागून सोडलं. एखादी कंपनी म्हणते, उरलेल्या महिन्याचा हिस्सा दे. दुसरी म्हणते, सगळे दे. कागद दोन्हींचा सारखाच चकचकीत! आणि तू सोडलं नाहीस, त्यांनीच काढलं तर? तरी भरायचे का? हे त्या भरती करणाऱ्या गोड बोलणाऱ्या माणसाला फोनवर विचारून उपयोग नाही, लिहून मागायचं. मुलीला स्थळ बघताना आपण चौकशा करायचो ना, तितक्याच कर इथे.

माझं विचारशील तर आधी आपल्या पैशाने कम्युनिटी कॉलेजात शिकू दे. आयव्ही टेकला चौकशी कर. लायसन्स स्वतःच्या खिशात असलं की पोरगं कुणाच्या देण्यात राहत नाही, आणि पुष्कळ कंपन्या नंतर ती फी दरमहा थोडी थोडी परतही करतात. हो, आधी पैसे उभे करावे लागतात, ते आहेच. नसतील तर कंपनीची शाळा चालेल, पण महिन्यागणिक कर्ज उतरणारी.

शाळा कुठलीही असो, केंद्र सरकारच्या यादीत तिचं नाव आहे का ते बघायचं. ७ फेब्रुवारी २०२२ पासून त्या यादीतल्या ठिकाणी शिकल्याशिवाय परीक्षेलाच बसता येत नाही. पण गंमत अशी, की प्रत्यक्ष गाडी किती तास हातात द्यायची, हा आकडा त्या नियमात नाहीच! मास्तरने ‘याला येतं’ म्हटलं की येतं. म्हणून विचार, एका ट्रकमागे पोरं किती? कुठेकुठे एकजण रिव्हर्स घेतो आणि बाकीचे मागे मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात. गाडी ऑटोमॅटिक का गिअरची, तेही विचार. ऑटोमॅटिकवर परीक्षा दिली तर लायसन्सवर ‘ई’ हे अक्षर चढतं, मग गिअरवाला मोठा ट्रक चालवता येत नाही. आता बहुतेक गाड्या ऑटोमॅटिकच असतात म्हणा.

खरं शिक्षण सुरू होतं लायसन्स मिळाल्यावर. चार-सहा आठवडे ट्रेनरबरोबर, त्याच केबिनमध्ये, वरच्या बर्थवर झोपायचं. तो माणूस कोण, हे कंपनीच्या नावापेक्षा मोठं. सहा महिने चालवलेल्या पोरालाही काही ठिकाणी ट्रेनर करतात. आणि बऱ्याच ठिकाणी ट्रेनरला दोघांच्या मिळून मैलांवर पैसे! म्हणजे रात्री दोन वाजता तुझा मुलगा वायोमिंगच्या वाऱ्यात एकटा जागा आणि गुरुजी मागे घोरतायत. तो झोपला की शिकवणार कोण? तेव्हा विचार, ट्रेनर पुढच्या सीटवर किती मैल बसतो? जी कंपनी आकडा सांगते, ती निदान विचार तरी करते.

न्यू प्राइमचं प्रकरण वाचलं होतंस का गं? मिझुरीची कंपनी, ऑलिव्हेरा नावाच्या ड्रायव्हरने खटला भरला. त्याचं म्हणणं, शिकाऊ म्हणून दहा हजार मैल बिनपगारी गेले. पुढे कंपनीने त्याला ‘स्वतंत्र कंत्राटदार’ केलं, ट्रक भाड्याने, कपाती इतक्या की कधी हिशेब उणे. कंपनी म्हणाली, कोर्टात नाही, लवादाकडे जा. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने कंपनीचं म्हणणं फेटाळलं, आणि पुढल्या वर्षी २ कोटी ८० लाख डॉलरवर तडजोड झाली. आमच्या ऑफिसात तेव्हा आठवडाभर दुसरा विषय नव्हता. म्हणून ‘पहिल्याच वर्षी स्वतःच्या ट्रकचे मालक व्हा’ असं कुणी म्हणालं की पोराने पळत सुटायचं.

कंपनी मोठी म्हणजे पक्की, असंही समजू नकोस. सेलाडॉन आपल्याच गावची ना? डिसेंबर २०१९ मध्ये दिवाळखोरीत गेली, ऐन ख्रिसमसच्या तोंडावर. ड्रायव्हर लोकांची डिझेलची कार्डं चालेनात, माणसं घरापासून शेकडो मैलांवर.

पगार मैलावर असतो. समज मैलाला ४५ सेंट, आठवड्याला दोन हजार मैल, म्हणजे नऊशे डॉलर, कपातीआधी. पण प्लेनफिल्डच्या गोदामाबाहेर पाच तास ट्रेलर रिकामा व्हायची वाट बघितली, त्याचे मैल शून्य. थांबण्याचे पैसे कितव्या तासापासून, ते विचार. चाक फिरवायची मुभा दिवसाला अकरा तास, तीही कामाला लागल्यापासून चौदा तासांच्या आत. मग दहा तास सुट्टी. गोदामात घालवलेला वेळ त्या चौदातूनच जातो. आणि ‘दर आठवड्याला घरी’ म्हणतात ना, त्यात खूपदा फक्त चौतीस तास येतात. तेवढी विश्रांती घेतली की आठवड्याच्या तासांचा हिशेब पुन्हा पहिल्यापासून, म्हणून चौतीस. कपडे धुवून, वरणभात जेवून, झोपून परत.

या सगळ्यात खरं कोण सांगेल? ग्रीनवूडच्या गुरुद्वारात जा दोघं रविवारी. लंगर झाला की पार्किंगमध्ये निम्मे ड्रायव्हर उभे असतात. कुठल्या कंपनीत डिस्पॅचर फोन उचलतो, कुठे बर्फातही ‘निघ’ म्हणतात, सगळं मिळेल. भरतीवाल्याला शंभर प्रश्न विचारण्यापेक्षा तिथे दोन विचारलेले बरे. फक्त पोराला पुढे कर, तू सुरू झालीस की तो गप्प बसतो.

आणि एक, रागावू नकोस. गांजाचं त्याला नीट विचार. शेजारी इलिनॉय-मिशिगनला दुकानं उघडी आहेत खरी, पण ड्रायव्हरची तपासणी केंद्र सरकारच्या नियमाने होते. एकदा सापडला की नाव केंद्राच्या नोंदीत चढतं आणि पुढची प्रत्येक कंपनी नेमण्याआधी ती नोंद उघडून बघते. काही कंपन्या लघवीबरोबर केसही तपासतात, आणि केसांत महिन्यांपूर्वीचं निघतं. रागावलीस ना? राग, पण आजच विचार. अर्ज करण्याआधी.