कुलूप सुस्थितीत आहे

तहान लागल्यावर विहीर खोदू नये, हे आपल्याला लहानपणापासून बजावलं जातं. सरकारने ते मनावर घेतलं. तहान लागायच्या कितीतरी आधी चेन्नईजवळ चेंगलपट्टूला शंभर एकरांत ऐसपैस विहीर खोदायला घेतली. मंजुरी 2012 सालची, अंदाजित खर्च 594 कोटी, नाव एकात्मिक लस संकुल. मग कोरोनाच्या साथीत 2021 चा मे उजाडला. घसा कोरडा पडलेला अख्खा देश काठावर येऊन उभा राहिला, तेव्हा ध्यानात आलं की विहीर आहे, पण रहाट ओढायला कोणी नाही. जानेवारीत खासगी भागीदारासाठी निविदा काढून झाली होती, तिकडे कोणी फिरकलं नव्हतं. पंचवीस मेला तमिळनाडूचे मुख्यमंत्री स्टॅलिन स्वतः जाऊन पाहून आले आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी पंतप्रधानांना पत्र लिहिलं: संकुल आमच्या ताब्यात द्या, आम्ही चालवतो. म्हण रचणाऱ्या पूर्वजांना ही शक्यता सुचलीच नव्हती.

माझं मत जरा निराळं आहे. बंद कारखान्याला आपण उगाच नावं ठेवतो. चालू कारखान्याचे ताप काय थोडे असतात? पगारवाढीची मागणी येते, कॅन्टीनच्या चहावरून कुरबुर होते, एखादी खेप तपासणीत नापास होते, मग विधानसभेत लक्षवेधी लागते. बंद कारखान्यात एकही कुपी नापास होत नाही. इतका निर्दोष दर्जा जगात कुठे सापडणार? वर्षाकाठी एक अहवाल धाडला की झालं: इमारत उभी आहे, यंत्रं जागेवर आहेत, कुलूप सुस्थितीत आहे.

या घराण्याची गादी जुनी आहे. जानेवारी 2008 मध्ये कसौली, कुन्नूर आणि गिंडी इथल्या तीन सरकारी लस संस्थांचे परवाने निलंबित झाले. कारण, उत्पादनाची पद्धत ठरलेल्या दर्जाला धरून नाही. दर्जाचा आग्रह हवाच, त्याबद्दल वाद नाही. पण छप्पर गळायला लागलं तर शहाणा माणूस छप्पर शाकारतो. इथे घरालाच कुलूप ठोकलं. परवाने परत मिळायला 2010 उजाडलं.

आता आपल्या परळकडे या. ऑक्टोबर 1896 मध्ये मुंबईत प्लेग पसरला असताना शास्त्रज्ञ वाल्डेमार हाफकिन भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लसीच्या कामाला लागले. जागा तुटपुंजी, हाताखाली मोजकी माणसं. 10 जानेवारी 1897 ला तयार लस त्यांनी पहिल्यांदा स्वतःलाच टोचून घेतली. तीन महिन्यांत लस! आज असते तर तेवढ्यात त्यांना सुयांची तीन दरपत्रकंसुद्धा मिळाली नसती. वर पहिला डोस ओळखीने लाटला, असा ओरडा झाला असता तो वेगळाच.

2021 मध्ये त्यांच्याच नावाच्या, परळच्या सरकारी महामंडळाला कोरोनावरची कोव्हॅक्सिन लस बनवायची परवानगी मिळाली. लक्ष्य वर्षाला 22.8 कोटी डोस, मुदत आठ महिने. विषाणूला मुदत कळवायची मात्र राहून गेली. त्याच मे महिन्यात मुंबई महापालिकेने एक कोटी डोससाठी जागतिक निविदा काढली. म्हणजे आजी परळला पडवीत बसलेली, आणि नातवंडं बटवा कुठे मिळेल म्हणून जगभर दवंडी पिटताहेत! प्रस्ताव आले, पात्र एकही ठरला नाही.

‘मग कुलूप काढा आणि करा सुरू,’ असं तेव्हा नाक्यानाक्यावर ऐकू येत होतं. पण लस म्हणजे पापड नव्हे, की अंगणात चादर अंथरली आणि लाटायला बसलो. कोव्हॅक्सिनसाठी आधी जिवंत विषाणू वाढवायचा, मग तो निष्क्रिय करायचा. त्यासाठी तिसऱ्या पातळीची जैवसुरक्षा लागते, तिथली हवासुद्धा गाळल्याशिवाय बाहेर सोडत नाहीत. आणि सगळ्यांत जास्त लागतो तो सरावलेला हात. तो निविदेत मिळत नाही. साथ नसते, कॅमेरे नसतात, अशा वर्षांत गोवराची, धनुर्वाताची, रेबीजची लस मुकाट्याने करत राहिलं की तो तयार होतो. रोज तालमीत जोर काढणाराच जत्रेच्या फडात टिकतो. आपण आखाड्यात गवत वाढू दिलं आणि जत्रेच्या सकाळी लंगोट शोधत फिरलो.

‘आपण’ म्हणतोय, कारण मीही त्यात आहे. त्या मे महिन्यात मोबाइल हातात धरून मी लसीच्या वेळेसाठी टपून बसायचो. वेळ दिसायची आणि बोट टेकेपर्यंत गायब व्हायची. त्या तिरमिरीत ‘बंद सरकारी कारखाने सुरू करा’ असा जळजळीत संदेश मी सोसायटीच्या ग्रुपवर टाकला. चाळीस अंगठे मिळाले. पुढे पहिला डोस मिळाला, 84 दिवस मोजून दुसरा मिळाला, प्रमाणपत्र छापून कपाटात ठेवलं. त्यानंतर त्या कारखान्यांचं काय झालं, हे मी एकदाही विचारलेलं नाही. चाळीस अंगठ्यांपैकीही कोणी विचारलेलं नाही.

आमचंही कुलूप सुस्थितीत आहे.